बिनअनुमतीचं यंत्र

कुपवाडच्या कारखान्यात त्रिशला मगदूमनं ॲल्युमिनियमचा ठोकळा यंत्रात आवळला आणि कळ दाबली. पातं फिरायच्या आतच पडद्यावर तांबडी ओळ उमटली : 'आकार संरक्षित आहे. अनुमती नाही.'

गेली चार वर्षं प्रत्येक कातकाम-यंत्रात अनुमती-चिप सक्तीची होती. काय कापायचंय ते चिप आधीच ओळखायची. आकार कुणाच्या मालकीचा निघाला, की यंत्र जागचं हलायचं नाही. त्रिशलाला हवा होता अंगठ्याएवढा एक जोड, नवऱ्याच्या, भरतेशच्या, कृत्रिम पायाच्या घोट्यातला. तो मोडला होता आणि कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं होतं. "नवा पाय बसवून घ्या," एवढंच उत्तर आलं.

"जाऊ दे गं, कुबडीवर चालेन," भरतेश म्हणाला.

"का म्हणून? अंगठ्याएवढ्या तुकड्यासाठी?"

वीस वर्षं तिनं यंत्रं चालवली होती. दांडे, स्क्रू, सांगाडा यांचं तिला भय नव्हतं. वीज मात्र परकी. म्हणून ती गल्लीतल्या इस्माईलचाचांकडे गेली. एके काळी ते टीव्ही दुरुस्त करायचे.

"चाचा, चिप नसलेलं यंत्र बांधायचंय. विजेचं सगळं शिकवा."

"पकडली गेलीस तर?"

"ते मी बघते."

म्हाताऱ्यानं भंगारातल्या प्रिंटरमधून एक मोटर उपसली. "ही पावलानं चालते. विजेचा एक ठोका, एक पाऊल. दोनशे पावलांची एक फेरी. ठोके मोज, म्हणजे पातं कुठं पोचलं ते कळेल."

ठोके देणारं छोटं कार्ड म्हणजे ड्रायव्हर. पहिला ड्रायव्हर तिनं दुसऱ्याच दिवशी जाळला. वीज चालू असतानाच मोटरची वायर उपसली होती. दुसरा गेला प्रवाह जास्त सोडल्यानं. चाचा रागावले नाहीत. "हा वास आता जन्मभर विसरणार नाहीस," म्हणाले आणि तिसरा तिच्या हातात ठेवला.

आठव्या महिन्यात यंत्र उभं राहिलं. पण पातं सुरू केलं, की यंत्र मध्येच थबकायचं. कड आल्याचं सांगणारा स्विच उगीचच इशारा देत होता. चार दिवस ती वायरी तपासत बसली. मग ध्यानात आलं : स्विचची वायर पात्याच्या मोटरच्या वायरीला चिकटून गेली होती, आणि त्या मोटरची गडबड हिच्यात शिरत होती. तिनं दोन्ही वायरी एकमेकींपासून दूर केल्या, स्विचला भोवती तारांची जाळी असलेली वायर घातली, जाळीचं एक टोक अर्थिंगला जोडलं. यंत्र शेवटच्या ठोक्यापर्यंत चाललं.

जोड गरम होता, तरी तिनं तो मुठीत धरला.

भरतेश कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि हात मोकळे हलवत परत आला. गल्लीनं ते पाहिलं. पुढच्या रविवारी तिच्या ओसरीवर सहा बायका शिकायला मोटरी उघडून बसल्या होत्या.

महिन्याभरात दोन तपासनीस आले.

"कुणाच्या अनुमतीनं बांधलंत हे?"

"कुणाच्याच नाही."

"कापलं काय?"

"माझ्या माणसाचा घोटा. न्यायचाय? तो बाजारात गेलाय, चालत."

तपासनिसांनी यंत्राला सील ठोकलं, ते गाडीत चढवलं, कागदावर तिची सही घेतली. त्रिशलानं सही ठळक केली. गाडी वळली. बायका दारात उभ्याच होत्या.

"आत या," ती म्हणाली. "ड्रायव्हर काढा. आधी वीज बंद केली का बघा."

"आणि ताई, नवं बांधलेलंही नेलं तर?" शेजारच्या कुसुमनं विचारलं.

त्रिशला खाली बसली, मोटर पुढ्यात ओढली. "पहिल्याला मी एकटी होते, तरी आठ महिन्यांत झालं. आता आपण सात जणी. सांग बघू, किती दिवस लागतील?"