तडकू नये म्हणून

भट्टीच्या दारात ते पहिल्यांदा एकमेकांवर आदळले, तेव्हाच तिनं ओळखलं – हा माणूस आपलं डोकं खाणार! ती चिमट्यात काच वितळवायची लालभडक मूस धरून धावतेय आणि हा वाटेत उभा... "आधी तुम्ही" म्हणत, तसूभरही न हलता. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे, ते काही उगाच नाही.

तिचं काम घाईचं. वितळलेली काच थंड पितळी पत्र्यावर ओतायची आणि वरून दुसरा पत्रा दाबायचा. अणूंना नीट बसायला सवडच द्यायची नाही, असतील तिथे गोठवायचे. त्याचं काम उलटं. तीच काच, पण मंद आचेवर हळूहळू निववायची, म्हणजे अणू सरकून दाटीनं बसतात. या दोन रचनांतला फरक तिला शुक्रवारी मार्गदर्शक मॅडमना दाखवायचा होता. दिसला तर प्रबंध, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आणि मेला फरक दिसेचना! पुन्हा ओतली, पुन्हा मोजली. दोन्ही आलेख जुळ्या बहिणींसारखे.

"काचा मात्र छान झाल्यात तुझ्या," सावकाश म्हणाला. "एकही तडकली नाही."

ती थबकली. तिच्या काचा तर हटकून तडकायच्या. "...का नाही तडकली?"

तो कान खाजवू लागला. "तू जेवायला गेलीस की... मी तुझी काच माझ्या भट्टीत ठेवायचो. नुसती ऊब द्यायची होती गं. पण तडकेल या धास्तीनं आच जरा वाढवत गेलो."

"अरे देवा! तापवल्यावर अणू पुन्हा सरकतात, हे मी तुला शिकवू? तुझंच काम ना हे?"

"माहीत आहे मला. पण काच तडकली की तू रडकुंडीला येतेस... तेव्हा अणू कुठले आठवतात? तूच दिसतेस."

राग आला होता, भयंकर आला होता, आणि गालही तापले होते.

"हे आत्ता सांगतोस? वर्ष झालं एकत्र काम करतोय, गाढवा!"

"सांगणारच होतो..."

"सावकाश! माहितेय. मूस उचल आता."

दुपारभर दोघांनी काच ओतली. पहिली टक्कन तडकली. तिचे डोळे भरून आले. दुसरीही गेली. तो अर्धवट उठला, भट्टीकडे बघितलं... आणि परत तिच्याशेजारी बसला, तिचा हात हातात घेऊन.

तिसरी शाबूत राहिली. आलेख निघाला, आणि या वेळी फरक ढळढळीत होता.

"बघ," ती नाक पुसत म्हणाली, "काचेला हात लावायचा नाही. मला लावलास तर चालेल."