अंगवस्ती

परदेशी निघालेल्या माणसाला त्या काळी पेटीत काय आहे असं कोणी विचारत नसे. विचारत ते एवढंच, की तिकडं गेल्यावर तुम्ही कुणाला शिवणार?

कोल्हापूरच्या प्रवासी-आरोग्य केंद्रात मालन कुरणेनं त्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलं, जयसिंग, आणि अर्ज डॉक्टर शाहीन मुजावरांच्या टेबलावर सरकवला. तिचा हा चौथा अर्ज. आधीचे तीन तिनंच मागं घेतले होते.

"या खेपेला तरी जाणार का, मालनताई? का परत स्टँडवरनं माघारी?"

"चेष्टा करू नका बाई. हलकर्णीची ती पोर तिकडं जाऊन आली आन महिन्यात गेली. तुम्हीच सांगितलासा न्हवं?"

डॉक्टरांनी मान हलवली. सांगितलं होतं खरं.

जग बदललं होतं ते असं. माणसाच्या कातडीवर, तोंडात, आतड्यांत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू राहतात. बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर उपकारी. या सगळ्या बिऱ्हाडाला अंगवस्ती म्हणत. एका घरात राहणाऱ्यांची अंगवस्ती हळूहळू सारखी होत जाते, कारण ताट, टॉवेल, उशी आणि हात सगळ्यांचे एकमेकांना लागतात. हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. पुढं साथींमागून साथी आल्या, तेव्हा उत्तरेकडच्या देशांनी आपली शहरंच्या शहरं गाळून घेतली. हवा गाळलेली, पाणी गाळलेलं, अन्न किरणांखालून काढलेलं. तिथल्या माणसांची अंगवस्ती विरळ झाली. इकडं उलटं घडलं. औषधांना दाद न देणारे जंतू अंगावर वागवत माणसं जगायला शिकली. दोन्हीकडची माणसं धडधाकट होती. फक्त त्यांना एकमेकांजवळ जाता येत नव्हतं. गेलीच तर आधी दोघांच्या अंगवस्तीचा मेळ बसतो का ते बघायचं, आणि बसला तर मेळपत्र मिळायचं.

जयसिंग लग्नानंतर एक्केचाळिसाव्या दिवशी नॉर्डहावन नावाच्या बंदराच्या शहरात गेला होता. लशींच्या बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला. दोन वर्षांचा करार होता. दोन वर्षं संपली तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, आता तुला बाहेरची हवा सोसणार नाही. त्याला येता येईना. म्हणजे मालननंच जायचं.

आणि मालन धोका तोलत बसली. पहिल्या वर्षी जाण्याआधीच्या टोचण्यांची भीती वाटली, त्यानं काहींना महिना-महिना ताप यायचा. दुसऱ्या वर्षी हलकर्णीची पोर गेली. तिकडं राहून तिची अंगवस्ती विरळली होती आणि इकडचा साधा जुलाबही तिला झेपला नाही. तिसऱ्या वर्षी मालन पेटी घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर उतरली, तासभर बाकावर बसली आणि गडहिंग्लजच्याच गाडीत चढली. तिन्ही वेळा जयसिंग फोनवर एकच बोलला, "ऱ्हाऊ दे. जिवापरास काय मोठं हाय?" पुढं काही वर्षं तिनं अर्जच भरला नाही, आणि बघता बघता त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

"यंदा नियम बदललाय," डॉक्टर म्हणाल्या. "जाणाऱ्याबरोबर ज्याच्याकडं जायचं त्याचीही तपासणी होते. जयसिंगरावांचा अहवाल आलाय. तुम्हाला विशेष धोका नाही. धोका त्यांना आहे. तुमच्यापासून."

मालनला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"तुम्ही दही लावता ना?"

"व्हय. गडहिंग्लजच्या बाजारातलं निम्मं दही माझ्या हातचं."

"मग मला सांगा, दूध तापवलं, गाळलं, आणि विरजण न लावता बंद बाटलीत ठेवलं तर?"

"दूधच ऱ्हाईल. झाकण उघडलं की नासंल. चांगलं विरजण आधी पडलं की वंगाळाला जागा मिळत न्हाई. न्हाईतर येईल त्यो घुसतोय."

"तसंच झालंय. त्यांच्या शरीराचे पहारेकरी आहेत, पण नऊ वर्षांत त्यांनी अनोळखी तोंड बघितलेलं नाही. आता कोणीही दारात आलं की ते अंदाधुंद गोळ्या झाडतील आणि स्वतःचंच घर पेटवतील." डॉक्टरांनी अहवालाचं पान उलटलं. "एका घरात न राहतासुद्धा माणसाच्या अंगावर कुणाची तरी खूण सापडते. मित्राची, शेजाऱ्याची, बाईची. त्यांच्या अंगावर कुणाचीच नाही. नऊ वर्षं ते कुणाला शिवलेले नाहीत."

मालनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नवऱ्याचा असा दाखला सरकारी कागदावर लिहून कुणाच्या बायकोला मिळतो? तिनं पदर सारखा केला.

"हीच तर अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"आन मी पहिल्या वर्षी गेले असते तर?"

"मेळ बसला असता. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षीही बहुतेक."

पंखा फिरत होता. मालन अर्जावरच्या नावाकडं बघत राहिली.

"बाई, माझ्या आजीचं दूध डेअरीत घेत नव्हते. आमचा हात लागलाय म्हणून. ते खोटं होतं न्हवं?"

"अगदी खोटं."

"आन हे?"

"हे खरं आहे, ताई."

"खोट्यासंगं भांडता तरी येत होतं," मालन म्हणाली आणि उठली.

गाडीत बसल्यावर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दुधाला विरजण नाही, एवढंच ना? मग ते आपल्यापाशी आहे की. लांबच्या गावी विरजण न्यायचं तर तिची आई फडकं दह्यात बुडवून सावलीत वाळवायची. तिथं पोचल्यावर कोमट दुधात टाकलं की झालं. टपालानं ते गेलं नसतं, टपालावर किरण सोडत. पण जयसिंगच्याच कंपनीच्या इकडच्या कारखान्यातला उत्तूरचा संभाजी तिकडच्या बंदरावर बदलून चालला होता. मालननं मलमलचं फडकं दह्यात भिजवलं, वाळवलं, आणि संभाजीच्या जाकिटाच्या अस्तरात स्वतःच्या हातानं शिवून दिलं. आधी ते तिनं रात्रभर उशाखाली ठेवलं होतं. तिच्या घामासकट ते त्याला मिळावं असं तिला वाटलं. थोडं थोडं लागलं की सवय होईल, आणि सवय झाली की मेळ बसेल.

जयसिंगनं दही लावलं. खाल्लं. फडकं तोंडावर फिरवलं. फोन करून म्हणाला, "मालन, घरचा वास आला गं."

सहाव्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. कातडी भाजल्यासारखी सुटली, घसा सुजून बंद झाला, नळीनं श्वास द्यावा लागला. बावीस दिवस तो शुद्धीबेशुद्धीत होता.

सासू चुलीपुढं बसून होती. मालन तिला आत्याबाई म्हणायची. दोघी नऊ वर्षं एका ताटात जेवलेल्या. "लेक माझा नऊ वर्सं कुणाला शिवला न्हाई," आत्याबाई म्हणाली, "आन तू त्याला फडक्यानं मारायला निघालीस."

मालननं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

जयसिंग वाचला. डॉक्टर मुजावरांनी मालनला बोलावून घेतलं. चिडल्या नाहीत, ते मालनला जास्त लागलं.

"एक उपाय आहे. सोबत-उपचार म्हणतात त्याला. दोन्हीकडची थोडी थोडी अंगवस्ती असलेलं माणूस सहा महिने त्यांच्या घरात राहील. बंदराबाहेरच्या, न गाळलेल्या वस्तीतलं. एकत्र जेवण, एकच टॉवेल, रोज तासभर अंगाला अंग लागेल असं बसणं. पहारेकऱ्यांना हळूहळू ओळखी करून द्यायच्या. मग तुम्ही गेलात तरी गोळ्या सुटणार नाहीत."

"बाप्या का बाई?"

"यादीत मोकळी एकच आहे. लिव्ह तिचं नाव. चाळिशीची आहे. नवरा वारलाय."

"अंगाला अंग म्हंजे किती?"

"हातात हात पुरतो, ताई. बाकीचं शास्त्र मागत नाही."

"आन शास्त्रानं न्हाई मागितलं, पर त्यांनी मागितलं तर?"

डॉक्टरांनी समोरचा कागद उगाच सरळ केला. "जोडीदाराची संमती लागते ती त्यासाठीच."

घरी आत्याबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "सवत लोक चोरून आणत्यात. तू सही करून आणतीयास व्हय?"

"मग काय करू? त्यांना तसंच बाटलीत ठेवू?"

"ठेव की! जित्ता तर ऱ्हाईल."

"जित्ता ऱ्हाऊन कुणासाठी, आत्याबाई?"

जयसिंग तर ऐकेनाच. "मला नको कोण. तू न्हाईस तर कोणच नको." त्याचा आवाज नळीनं खरवडला होता.

"तुम्ही नको म्हणालासा तर मी जल्मात तिकडं येऊ शकणार न्हाई," मालन म्हणाली. "माझ्यासाठी करा. औषध समजा. कडू औषध पित न्हाईसा?"

चार दिवस ती त्याला रोज समजावत होती. पाचव्या दिवशी तो हो म्हणाला आणि मालननं सही केली.

सुरुवातीला तो सगळं सांगायचा. लिव्ह माझं मनगट धरून वर्तमानपत्र वाचत बसते. पान उलटायचं झालं की माझा हात बाजूला ठेवते, पान उलटते आणि परत उचलून घेते, चष्मा असल्यागत. मालन पोट धरून हसायची. आत्याबाईलासुद्धा एकदा हसू आलं. मग त्याला झोप लागायला लागली. गाल भरले. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो फोनवर शीळ वाजवताना ऐकू आला. तब्येत सुधारतेय, मालननं मनाला सांगितलं, त्यासाठीच तर सही केली.

पुढं पुढं तो लिव्हबद्दल बोलेनासा झाला. विचारलं तर म्हणायचा, "बरी हाय." एकदा बोलता बोलता फोनच्या पडद्याबाहेर कोणीतरी शिंकलं. जयसिंगनं मान न वळवता तिकडच्या भाषेत एक शब्द टाकला आणि मालनशी पुढचं वाक्य बोलायला लागला. त्या शब्दाचा अर्थ मालननं विचारला नाही.

सहाव्या महिन्याच्या शेवटी मेळपत्र आलं. डॉक्टर मुजावरांनी ते वाचून दाखवलं. "मेळ उत्तम. तुम्ही महिनाभर जाऊ शकता. हात धरू शकता, जवळ बसू शकता, एकत्र राहू शकता. फक्त पहिले सात दिवस रोज तपासणी."

"आन ती बाई? आता जाईल?"

"तेच सांगायचंय. त्यांची अंगवस्ती आता लिव्हच्या आधारानं उभी आहे. ती निघून गेली तर तीन महिन्यांत ते पुन्हा होते तसे होतील."

"मग मीच ऱ्हाते तिथं. कायमची."

"राहा. पण गाळलेल्या हवेत वर्षभरात तुम्हीही विरळ व्हाल. त्यांना आधार देण्याजोगं तुमच्या अंगावर काही उरणार नाही, आणि इकडं परत यायची वाटही बंद होईल. लिव्ह दर आठवड्याला बंदराबाहेर आपल्या वस्तीत जाऊन येते, म्हणून ती टिकते. तुमची वस्ती इथं आहे, ताई. तिथून आठवड्याला येता येणार नाही."

"म्हंजे मी पाहुणी."

डॉक्टरांनी मेळपत्राची घडी करून ते तिच्या हातात दिलं.

तरीही मालन गेली. टोचण्या घेतल्या, अकरा दिवस तापानं फणफणली, आणि या खेपेला स्टँडवरच्या बाकाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

जयसिंगचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार लिव्हनं उघडलं. उंच, पिकल्या केसांची, हाताला मासळीचा वास असलेली साधी बाई होती ती. तिनं मालनला कॉफी दिली, आपली खोली दिली आणि स्वतः बैठकीत झोपली. मालनला तिचा राग करायचा होता. करायला जागा सापडेना.

स्पर्शाची वेळ दवाखान्यानं ठरवून दिलेली होती. सकाळी दहा. पांढऱ्या झग्यातली तपासनीस बाई घड्याळ लावून उभी राहिली. जयसिंग समोर आला. केस मागं हटलेले, पण डोळे तेच. त्यानं उजवा हात पुढं केला आणि तसाच मध्येच धरून एकदा लिव्हकडं बघितलं. लिव्हनं मान हलवली. मग त्यानं मालनचा हात हातात घेतला.

साडेनऊ वर्षांनी. मालनला रडू कोसळलं. जयसिंगचेही डोळे भरले. पण कधी सुजतोय, कधी पेटतोय अशा धास्तीनं ती त्याचा हात निरखत होती. त्या फडक्यानं भाजलेली कातडी तिनं दवाखान्याच्या फोटोत बघितली होती, ती तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खांद्याला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी त्याच्या कुशीत झोपली आणि उजाडेपर्यंत त्याचा श्वास मोजत राहिली. श्वास एका लयीत चालला होता. झोपेत त्यानं कूस बदलली आणि तो भिंतीकडं तोंड करून घोरायला लागला.

सातव्या दिवशी तपासनीस बाई भिंग घेऊन आली. मनगट बघितलं, मान बघितली, पाठ बघितली. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन यंत्रात घातला. दारात लिव्ह हात पुसत उभी होती. यंत्रानं कागद सोडला. तपासनीस बाईनं तो वाचला, तिचा चेहरा उजळला आणि ती आपल्या भाषेत भराभर काहीतरी बोलली. लिव्हनं टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणती?" मालननं विचारलं.

जयसिंगनं तिचे दोन्ही खांदे धरले. इतक्या आनंदात तिनं त्याला लग्नातही बघितलं नव्हतं.

"काहीसुद्धा झालं न्हाई गं! एक पहारेकरी हलला न्हाई. ती म्हणतीया, तू आल्याचं माझ्या अंगाला कळलंच न्हाई!"

तिघंही तिच्याकडं बघत होती. म्हणून मालनही हसली.