येतो म्हणजे निघतो

भालचंद्र शिंत्रे बूट चढवून दारात उभे राहिले आणि रोजच्यासारखं म्हणाले, "येतो गं." आतून कुमुदताईंनी "हं" म्हटलं. साताऱ्यातली चार भिंतींची टेकडी घराजवळच होती. पण पहिल्याच चढावर त्यांना धाप लागली आणि ते दगडावर बसले.

असं व्हायला नको होतं. हृदयाची गळकी झडप दुरुस्त झाली होती. मात्र वर्षानुवर्षं रक्त उलटं येऊन ताणलेला वरचा कप्पा, म्हणजे आलिंद, सैलच राहिला होता. त्याभोवती डॉक्टरांनी मऊ पट्टा बसवला होता. तो प्रत्येक ठोक्याला कप्पा आवळून रक्त पुढे ढकलत असे. चढ सुरू झाल्यावर जोर वाढवणं उशिराचं ठरतं, म्हणून पट्टा छातीत घुमणारं बोलणं ऐकून, माणूस निघालाय की परतलाय हे ताडून, आधीच तयारीला लागे.

दवाखान्यात तंत्रज्ञ अझरा मुजावरने पडद्यावर आलेख पाहिला. "काका, तुम्ही घराबाहेर पडता तेव्हाच हा पट्टा विश्रांती घेतोय. निघताना काय म्हणता?"

"काय म्हणणार? येतो."

अझराला हसू आवरेना. "ह्याला वाटतं, तुम्ही घरी आलात! उद्यापासून 'जातो' म्हणा."

"अजिबात नाही," सोबत आलेल्या कुमुदताई कडाडल्या. "दारात उभं राहून 'जातो'? आणि ह्यांनी? तुझी आई म्हणू देते का गं?"

"अम्मी उलथनं घेऊन मागे लागेल," अझराने कबूल केलं आणि पट्ट्यालाच मराठी शिकवायला बसली.

"जन्मभर पोरांना मराठी शिकवलं," शिंत्रे म्हणाले, "आता हृदयालाही शिकवणी!"

पुढच्या आठवड्यात ते माथ्यावरून मागे राहिलेल्या मित्रांना ओरडून चिडवत होते.

दिवाळी संपली. मुलगी केतकी कॅनडाला परत निघाली. गाडी दारात उभी होती. तिने बाबांना मिठी मारली आणि त्यांच्या छातीवर गाल टेकून म्हणाली, "येते हं, बाबा."

ठोका एकदम दमदार झाला. अंगात तरतरी आली. गाडी वळणाआड गेली तरी शिंत्रे ताठ उभेच.

"बसा आता," कुमुदताई म्हणाल्या.

"कसा बसू? हा डोंगर चढायला निघालाय."

दोघंही हसली. छातीत घुमलेला शब्द कुणाचा, हे पट्ट्याला कळत नव्हतं. मग हा जोर पट्ट्याचा होता, की त्यांच्या थकलेल्या हृदयाचा स्वतःचा? अझराने मोजून सांगितलं असतं. पण तिला विचारावं का?