कोरडी गाठ

थापा मारण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मला ओळखणारे जाणतात. पण ही थाप नाही. हवं तर माझ्या मावशीला विचारा. ती काही सांगणार नाही, उठून आत जाईल. तेवढं उत्तर पुरे.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा थोरला भाऊ, दादा, खोट्या माशीवर मासे धरण्यात पटाईत. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून तो अशी माशी बनवायचा, की खरीनं लाजावं.

"निम्मं शास्त्र, निम्मी कला," दादा म्हणायचा. शास्त्र म्हणजे त्याची वही. पाणी किती गार, कोणता किडा कधी वर येतो, सगळं त्यात. कला म्हणजे मनगट.

"आणि माशी दोरीला बांधायची गाठ?" काका विचारायचे.

"गाठ म्हणजे इमान. आवळण्याआधी ओठांत धरून ओली करायची. कोरडी आवळलीस की तंतू घासून जळतो, आणि ऐन ताणात तुटतो."

दादाच्या गालात कायम लवंग. त्यामुळे त्याच्या गाठींनाही लवंगेचा वास. तो डावखुरा, म्हणून वेढेही उलटे. बांधून झाली की दोनदा ओढून बघायचा. हलकेच.

टक... टक.

त्या संध्याकाळी नदीच्या वळणावर मोठा मासा वर येत होता. दादानं तपकिरी माशी काकांच्या हातात दिली. "तू बांध लवकर, मी त्याच्यावर नजर ठेवतो."

काकांनी घाईत गाठ कोरडीच आवळली.

मासा लागला. दादाच्या हातातली काठी कमान झाली. गाठ तुटली... आणि ताण सुटताच दादा खडकावरून मागच्या धारेत गेला.

प्रेत सापडलं नाही.

"गाठ दादानंच बांधली होती," काकांनी सगळ्यांना सांगितलं.

दादाची बायको एवढंच म्हणाली, "त्यांची गाठ तुटायची नाही, भावजी."

वर्षानं काका पुन्हा त्याच खडकावर गेले. ऊन कलत होतं. त्यांनी काळी माशी बांधली, या वेळी ओठांत धरून, आणि दोरी फेकली.

माशी पाण्यावर टेकली. तरंग उठला नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं... किडे गप्प होते. पाणी वाहताना दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

दोरीला ओढ लागली.

टक... टक.

काकांनी दोरी गुंडाळून घेतली. मासा नव्हता. गेली होती काळी माशी. परत आली ती... तपकिरी.

गाठीचे वेढे उलटे.

काकांनी ती डबीत घालून दुकानाच्या खणात लपवली. चौथ्या दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"दुकानात लवंग कोण खातं, भावजी?"

वहिनी वासावर खणापर्यंत गेल्या. डबी उघडली. गाठीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"ही गाठ त्यांची. मग त्या दिवशीची कुणाची?"

दुकानभर घड्याळं टिकटिकत होती.

"माझी," काका म्हणाले. "कोरडी."

वहिनींनी चहाचा कप उचलला आणि घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी डबी खिशात टाकली, बूट चढवले. मावशीनं विचारलं, "कुठे निघालात?"

"ज्याच्या नावावर खोटं बोललो, त्याला सांगून येतो."

अंधार पडायच्या आत लोक शोधायला गेले. खडकावर काकांचे बूट होते. शेजारी शेजारी, नीट ठेवलेले.

काका नव्हते. आजवर नाहीत.

नाड्या घोट्यापर्यंत घट्ट बांधलेल्या. त्या न सोडता पाय बाहेर कसा निघाला, कुणाला सांगता आलं नाही. आणि काका उजव्या हाताचे... वेढे मात्र उलटे.

ते बूट मावशीच्या पलंगाखाली आहेत. नाड्या सोडायची कुणाची छाती झाली नाही. परवा ती आत गेलेली बघून मी वाकून हात लावला. एकोणीस वर्षांत चामडं वाळून तडकलंय.

नाड्या... अजून ओल्या आहेत.