मास्तरांचा दम

सोमवारी गोल्फ क्लब बंद असतो, म्हणजे सभासदांना बंद असतो. त्या दिवशी मैदान कॅडींचं. आठवडाभर साहेबलोकांच्या बॅगा वाहणारी ही माणसं सोमवारी सकाळी स्वतःसाठी खेळतात, ही दारणा नदीकाठच्या या मैदानावरची जुनी रीत. गवत कापणारी यंत्रं आपली आपण फिरू लागली, हरवलेले चेंडू शोधायला ड्रोन आले, तरी ती कुणी मोडलेली नाही. मार्चमधल्या अशाच एका सोमवारी कल्याणी गायधनी सातव्या फेअरवेवर, म्हणजे मधल्या आखूड कापलेल्या हिरवळीवर, तीन नंबरचं वूड घेऊन उभी होती. चेंडू थेट गवतावर. खाली खुंटी नाही, काही नाही.

गोल्फशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. वूड ही काठी आता नावालाच लाकडी, लाकूड जाऊन तिथे धातूचं पोकळ डोकं आलं त्याला जमाना झाला. दांडा लांब, डोकं चपटं. खुंटीवर ठेवलेला चेंडू त्यानं बरेच जण मारतात. पण तोच चेंडू गवतात बसलेला दिसला की माणसाची मती फिरते. याला आपण उचललं पाहिजे, असं त्याला वाटायला लागतं. तो उचलायला जातो, काठी चेंडूच्या टाळक्याला लागते आणि चेंडू वीस पावलं सरपटत जाऊन बसतो. भलेभले इथे रडकुंडीला येतात.

कल्याणीचा चेंडू सरपटला नाही. छान उठला, दोनशे पावलं गेला. मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले निवृत्त तहसीलदार बोरस्ते टाळ्या पिटत म्हणाले, "वा! हुबेहूब मास्तरांचा दम! पोरी, डोळे मिटले तर सुकदेवमास्तरच मारतायत असं वाटतं बघ." बोरस्ते सभासद होते, पण घरी करमत नाही म्हणून सोमवारीही यायचे आणि कॅडींच्या टपरीवरचा चहा प्यायचे.

कल्याणी नुसती हसली. तो दम तिनं मुद्दाम घेतला नव्हता. तो आपोआप आला होता.

सुकदेवमास्तर म्हणजे तिचे वडील, नाना. दहाव्या वर्षापासून या मैदानावर कॅडी, पुढे शिकवणारे मास्तर. गवतावरून वूड मारण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. म्हणून तर चार वर्षांपूर्वी एक कंपनी त्यांच्याकडे आली. तिनं सरावबाही नावाची वस्तू काढली होती. मनगटापासून खांद्यापर्यंत बसणारी एक पातळ जाळी. उस्तादानं ती घालून फटके मारायचे, त्याच्या स्नायूंमधून जाणाऱ्या विजेच्या बारीक बारीक लहरी ती टिपून घेते. यालाच ठसा म्हणायचं. मग शिकाऊ माणसानं तशीच बाही घातली की तोच ठसा त्याच्या स्नायूंना हलकेच टोचत राहतो आणि चाळीसेक दिवसांत त्याचं अंग तो फटका शिकतं. डोक्याला काही कळायची गरजच नाही.

नानांना एका दिवसात तीनशे फटके मारायला लावले होते. त्यातून जो ठसा तयार झाला त्यात एक गंमत निघाली. काठी खाली येताना, चेंडूच्या वीतभर आधी, हात किंचित अडायचा. पापणी लवायलाही जास्त वेळ लागेल, एवढंच. मग सुटायचा. कंपनीचे लोक खूश झाले. हेच मास्तरांचं गुपित, म्हणाले, हे पुसायचं नाही. कॅडींनी त्याला नाव दिलं, मास्तरांचा दम. मैदानावर तो मिरवायची चीज झाली. देशभरात अकरा हजार जणांनी तो ठसा अंगात घेतला, मैदानावर शिकवू लागलेल्या कल्याणीनंही, आणि जो तो आपला दम दाखवत सुटला.

आणि गेल्या दिवाळीत नानांच्या उजव्या हातातून फराळाची बशी पडली. डॉ. चांदवडकर बाईंनी तपासलं, चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, आणि म्हणाल्या, कंपवाताची सुरुवात वाटते. नानांच्या आईचेही हात शेवटी शेवटी थरथरायचे, हे तेव्हा कल्याणीच्या आत्याला आठवलं. ज्याला सगळे गुपित म्हणत होते ते दुखणं होतं. नानांनी शिकवणं सोडलं. बाहीही उतरवली म्हणाले. गरम असो नसो, बाह्या मनगटापर्यंत बंद केलेला सदरा घालून ते मैदानाच्या कडेला बसू लागले. हात लपवतात, असं समजून कुणी काही विचारलं नाही.

त्या सोमवारी खेळ झाल्यावर कल्याणी टपरीवर आली. चहाचा पेला उचलला आणि तिचा उजवा अंगठा थरथरला. चहा बशीत सांडला. फार नाही, घोटभर. तिनं पेला खाली ठेवला, हाताकडे पाहिलं. अंगठा अजून हलत होता, तिला न विचारता.

"अगं, भाजलं का?" बोरस्त्यांनी विचारलं.

"नाही, काका. घसरला."

ती खोटं बोलली आणि त्याच क्षणी तिची नजर बोरस्त्यांच्या हातावर गेली. त्यांनीही नानांचाच ठसा घेतला होता, शिकवताना तिनंच तर त्यांच्या दंडावर बाही चढवली होती. त्यांच्या हातातली बशी बारीक किणकिणत होती! कल्याणीला एवढा आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे हे बाहीचं आहे. रक्तातलं नाही.

"काका, तुमचा हात कधीपासून असा होतो?"

"हा होय? हा तर नोकरीतली शेवटची निवडणूक केली तेव्हापासून, झाली सात वर्षं. मतमोजणीच्या टेबलावर जो थरथरला तो थरथरलाच. का गं?"

कल्याणीनं बशीतला चहा ओतून टाकला. आनंद आला तसा गेला.

दुसऱ्या दिवशी नानांना न सांगता ती चांदवडकर बाईंकडे गेली. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तुमचं वय सव्वीस. आत्ता मेंदूचा फोटो काढला आणि तो स्वच्छ आला, तरी त्यावरून मी छातीठोकपणे काही सांगू शकणार नाही. त्यापेक्षा सोपं करू. तुम्ही किती वर्षं ही बाही घालताय?"

"तीन. रोज. शिकवताना घालूनच दाखवावं लागतं."

"सहा आठवडे घालू नका. तो फटकाही तसा मारू नका. अंगानं शिकलेलं असेल तर ते विरेल. वडिलांकडून आलेलं असेल तर राहील."

कल्याणीच्या मनात आलं, वडिलांकडूनच तर आलंय, काही झालं तरी. बाहीतून आलं काय नि रक्तातून आलं काय.

"आणि सहा आठवड्यांनीही थांबला नाही, तर?"

"मग निदान आपल्याला कळलेलं असेल," बाई म्हणाल्या. या उत्तराचा तिला इतका राग आला की बाहेर पडताना चपला उलट्यासुलट्या पायांत घातल्या.

घरी तिनं सांगून टाकलं. फार काळ लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. नानांनी सगळं ऐकून घेतलं. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता.

"माझं तुला लागायला नको होतं," ते म्हणाले.

"लागलंय कुठे अजून? सहा आठवड्यांनी कळेल. नाना, मला पहिल्यापासून शिकवा. बाहीशिवाय. तुम्ही शिकलात तसं."

नाना उठले, माळ्यावरून पत्र्याचा एक डबा काढून आणला. आत सोड्याच्या बाटल्यांची बुचं होती, गंजलेली, चपटी झालेली, दोनेकशे तरी असतील. त्यांच्या लहानपणी कॅडींना चेंडू कुठून मिळणार? क्लबच्या बारमागे पडलेली बुचं वेचायची, गवतावर ठेवायची आणि मोडक्या काठीनं उडवायची. नाना वूड शिकले ते असे.

"बूच उचलता येतं का काठीनं?" पहिल्या सोमवारी त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग उचलू नको. अंगण झाडताना खराटा मातीत घुसवतेस का? का वरच्या वर फिरवतेस? झाड नुसतं. काठीच्या डोक्याला उतार दिलाय तो कशाला? चेंडू वर न्यायचं काम त्याचं. तू त्यात नाक खुपसू नको."

ऐकायला सोपं. पण कल्याणीच्या अंगात तीन वर्षं नानांचा हात मुरलेला. बूच दिसलं की काठी वीतभर आधी अडायची. डोक्यानं सोडवायला गेली तर आणखी अडायची. पहिल्या आठवड्यात ती नवख्यासारखी गवत उकरत होती. दुसऱ्या आठवड्यात चेंडू सरपटले. कॅडी तोंडावर बोलत नव्हते, पण मास्तरांच्या पोरीला झालंय काय, ही कुजबुज तिच्या कानावर आली. बोरस्ते मात्र तोंडावरच म्हणाले, "काय गं, दम सुटला वाटतं? घाल की बाही!"

"काका, तुम्ही चहा प्या," ती फणकारली. बिचारे बोरस्ते चहाकडे वळले.

रोज सकाळी उठल्या उठल्या ती पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी उजव्या हातात धरून उभी राहायची. कधी पाणी सांडायचं, कधी नाही. सांडलं की दिवसभर जेवण जायचं नाही. नाही सांडलं तरी भीती जायची नाही, कारण आज घट्ट तर धरली नव्हती ना, असं वाटायचं. चौथ्या आठवड्यात तीन दिवस लागोपाठ सांडलं. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. तिला नानांचं दुखणं नको होतं, आणि ते नको असं वाटतंय याचंही तिला वाईट वाटत होतं.

नाना फटका पाहत नसत. खुर्ची उलटी फिरवून पाठमोरे बसायचे. म्हणायचे, डोळे फसतात, कान नाही. दम असला की आवाजाचे दोन तुकडे पडतात, आधी गवत, मग चेंडू. स्वच्छ फटक्याला एकच आवाज. चार पावलांवरून ते सांगायचे, "तुटला." पुन्हा, "तुटला." मग पाचव्या आठवड्यात एकदा, जरा थांबून, "हा बरा होता." कल्याणीनं त्या दिवशी पावभर पेढे आणले.

सहावा सोमवार उजाडला तो कडक उन्हाचा. एप्रिल संपत आलेला, नऊ वाजताच अंग भाजत होतं. नाना तसेच, बाह्या मनगटापर्यंत बंद. वाटीतलं पाणी आठ दिवस सांडलं नव्हतं, पण कल्याणीचा त्यावर विश्वास नव्हता. तिचं ठरलं होतं, दहा चेंडू. दहाच्या दहा स्वच्छ गेले तर मानायचं.

नानांनी खुर्ची फिरवली. "मार."

पहिला गेला. "स्वच्छ."

दुसरा, तिसरा, चौथा. "स्वच्छ." प्रत्येक वेळी तेवढा एकच शब्द. सहाव्याला तिच्या तळहाताला घाम फुटला, तिनं तो सलवारीला पुसला. सातवा मारला आणि नाना काहीच बोलले नाहीत.

"नाना? काय झालं? तुटला?"

"नाही गं. शिंक येत होती. स्वच्छ."

"अहो, जीव गेला असता माझा!"

आठवा. नववा. दहाव्याला तिनं चेंडूकडे पाहिलं आणि अंगण आठवलं. काठी गवतावरून फिरली, एकच आवाज झाला, चेंडू उठला आणि कडुनिंबांच्या वरून दिसेनासा झाला.

"गेला," नाना म्हणाले. त्यांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली. "गेला गं. तुझा तुझाच आहे हा फटका. माझं काही नाही राहिलं त्यात."

कल्याणी काठी टाकून धावत गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. सदऱ्याच्या बाहीखाली तिच्या बोटांना काहीतरी लागलं. पातळ, जाळीदार. आणि त्यातून ती ओळखीची टोच, बारीक, एका लयीत. तीन वर्षं तिनं ती अंगावर वागवली होती. चुकायची शक्यताच नव्हती.

"नाना, ही काय?"

त्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "घातली की हात जरा गप्प राहतो. आणि... आता मला मारता तर येत नाही. ही घातली की दिवसभर निदान माझा फटका अंगातून जातो माझ्या."

"कधीपासून घालताय?"

"काढली कुठे होती? चार वर्षं झाली. झोपताना तेवढी काढतो."

"डॉक्टरबाईंनी विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं. काढलीय म्हणून सांगितलं. त्या ओरडल्या असत्या."

कल्याणीचं डोकं भणभणलं. तीनशे फटके मारायला लावले होते त्या दिवशी. पन्नाशी उलटलेला माणूस, दोनशेव्या फटक्याला हात अडणार नाही तर काय होणार? नुसता थकवा असेल तो. आणि तोच थकवा चार वर्षं, रोज, दिवसभर, त्याच हातात परत ओतला जात होता. किंवा नसेल तसं. आजीचे हातही थरथरायचेच. यातलं खरं काय, हे त्या बाईंना तरी कसं कळणार होतं? त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती.

"काढा," ती म्हणाली. "आत्ता काढा. सहा आठवडे. मी माझा दम सोडवला ना? बुचं आहेत, खुर्ची आहे. पाठमोरी मी बसते."

तिनं डब्यातलं एक बूच घेतलं आणि त्यांच्या पायांपुढे गवतावर ठेवलं. नाना त्या बुचाकडे पाहत राहिले. डाव्या हातानं त्यांनी मनगटाचं बटण धरलं, पण काढलं नाही. त्यांचा चेहरा तिला ओळखीचा वाटला. सहा आठवडे रोज सकाळी वाटी धरताना तिचा असाच होत असणार.

"कल्याणी," ते हळूच म्हणाले, "आज मला म्हणता तरी येतं, की असेल बाहीचं. ही काढली, आणि सहा आठवड्यांनीही नाहीच थांबला, तर?"