बंपरला बांधलेला दोर

कंदील जरा अलीकडे ओढा. आमच्या नंदनवन वस्तीत वीज गेली की तासाभराची निश्चिंती असते. तुमची नाल्यात फसलेली गाडी काढून देणार नाही म्हणालो, त्याचा राग धरू नका. माझा ट्रक दोन वर्षं झाली विटांवर उभा आहे, चाकंसुद्धा काढून ठेवलीत. का, ते सांगतो. चहा घ्या तोवर.

फसलेल्या गाड्या ओढून काढायच्या, हा माझा आणि रुपरावचा धंदा. इकडची काळी माती पावसाळ्यात आख्खी गाडी गिळते, आणि मग लोकांना आमची आठवण येते. रुपराव तारेचा दोर बांधायचा, मी ट्रकने ओढायचो. बांधून झालं की तो ट्रकच्या मागच्या फळीवर दोन थापा मारून बाजूला व्हायचा. थापा पडल्याशिवाय क्लच सोडायचा नाही, असा आमचा कायदा.

दोर कुठे बांधायचा, यात मात्र तो महाहट्टी. फसलेल्या गाडीच्या चेसिसला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, खाली आकडा असतो. तो चिखलात कितीही खोल असो, रुपराव कोपरापर्यंत हात घालून शोधणार. बंपर तर वरच दिसतो, हाताशी असतो. पण तो दोन बोल्टांवर लटकलेला पत्रा. जोर पडला की सुटतो आणि समोर येईल त्याला घेऊन जातो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एके दिवशी उन्हं उतरत आली होती, मला सपाटून भूक लागली होती, आणि हा आपला चिखल चाचपत बसलेला. माझं डोकं तापट. मीच दोर घेतला आणि बंपरला अडकवला. "नोको गा मार्तंड," म्हणत तो सोडवायला वाकला. मी तोवर ट्रकमध्ये चढलो होतो. थापांची वाटसुद्धा पाहिली नाही. बंपर सुटला आणि रुपरावला घेऊन गेला.

दोर तुटून तो गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या बायकोला, वच्छलाला, तिच्या तोंडावर सांगितलं.

मग वर्षभर मी एकटाच. बांधायचंही मी आणि ओढायचंही मी. लग्न केलं नव्हतं, बोलायला तो एकच होता. जेवताना सवयीने दोन ताटं काढायचो आणि मग स्वतःवरच चिडायचो. फार वाईट दिवस होते ते.

अठ्ठ्याहत्तर सालचा भादवा. भर दुपारी आरोग्य केंद्राच्या जीपचा ड्रायव्हर गोविंदा चिखलाने माखून माझ्या दारात आला.

"लवकर चाला. जीप नाल्यात फसली. आत बाळंतपणाची बाई हाये, भागीरथा. पोर आडवं आलं. नर्सबाई म्हन्ते, दवाखान्यात नाही पोचली तर दोघंबी जातीन."

गोविंदाला शेजारी बसवलं आणि उमरेड रोड सोडून शेताच्या पांदणीने आत गेलो. वर ढग दाटलेले, वारा नाही, बेडूक नाही, पाखरू नाही. कुजक्या गवताचा वास नाकात बसत होता. जीपची पुढची चाकं पार बुडाली होती आणि आतून कण्हणं ऐकू येत होतं. नर्स कौसल्याबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"पानी वर येऊन राहिलं भाऊ. पायदानाले लागलं."

गोविंदा जीपच्या स्टिअरिंगवर बसला. मी चिखलात हात घालून आकडा शोधला. सापडेना. पुन्हा शोधला. आत भागीरथा किंचाळली आणि माझा धीर सुटला. मी दोर बंपरला अडकवला आणि पळत ट्रकमध्ये जाऊन बसलो.

गिअर टाकला. इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच.

"काहून थांबले?" मागून कौसल्याबाईंचा आवाज आला.

पुन्हा चावी फिरवली. चौथ्यांदा इंजिन लागलं, आणि मागच्या फळीवर दोन थापा पडल्या. माझा पाय आपसूक क्लचवरून उठला. ट्रकने ओढ घेतली, जीप हळूहळू वर आली आणि कोरड्यावर उभी राहिली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, थापा मारायला मागे कोणीच नव्हतं.

उतरून पाहिलं. बंपर जागच्या जागी. दोर खाली चेसिसच्या आकड्यात पक्का बसलेला.

"दोर कोनं बदलला?"

गोविंदाने ट्रककडे बोट केलं. "तुमच्याच मानसानं... ट्रकच्या मांगून आला ना तो."

"आपण दोघंच आलो गा..."

कौसल्याबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. "खांद्यापर्यंत हात घातला त्यानं चिखलात. म्या नाव इचारलं, तर नाही सांगतलं. म्हने, मार्तंडले निरोप द्या..."

"काय...?"

"म्हने, पुढच्या खेपेले तू बांध... मी ओढतो."

भागीरथा वेळेत दवाखान्यात पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्याच संध्याकाळी मी वच्छलाकडे जाऊन खरं काय ते सांगितलं.  तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी ट्रकची चाकं काढली, बॅटरी काढली आणि धंदा बंद केला.

भीती वाटते का विचाराल, तर वाटते. पण खोटं कशाला बोलू, वर्षभराच्या अबोल्यानंतर तो माझ्याशी बोलला, याने मला बरंही वाटलं होतं.

तो दोर मी रोज संध्याकाळी गुंडाळून ट्रकच्या मागे टांगतो. या महिन्यापासून सकाळी तो उलगडलेला सापडतो. एक टोक ट्रकलाच असतं, दुसरं घराच्या दिशेने. आधी हातभर, मग अंगणाच्या मध्यापर्यंत, काल उंबऱ्याशी. आज सकाळी ते माझ्या खाटेच्या पायाला अडकवलेलं होतं, आणि त्यावर ओला काळा चिखल होता. अंगणात तर दोन महिन्यांत पाण्याचा थेंब पडलेला नाही.

आज मी दोर सोडवून गुंडाळायला गेलोच नाही; आता ओढायची पाळी त्याची आहे.