न धरणारा रंग

परळच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली म्हणजे कारखाना. चामड्यावर नक्षी मी कोरतो, रंगकाम माझी बायको दर्शना करते. जो भाग फिका ठेवायचा त्यावर आधी रेझिस्टचा पातळ थर. तो वाळला की सगळीकडे काळपट अँटिक पेस्ट चोळायची आणि लगेच पुसायची. कोरलेल्या रेघांत पेस्ट बसते. थर असतो तिथे धरत नाही. नवी वस्तू पन्नास वर्षं वापरलेली वाटते.

संक्रांतीच्या आठवड्यात दादरच्या एका ग्राहकाच्या वीस डायऱ्या होत्या. ब्रश वाळून कडक झाला होता. दर्शनाने रेझिस्ट अंगठ्यानेच लावायला घेतलं.

"हातमोजा घाल ना."

"वीसच तर आहेत. तू कोर गपचूप."

संध्याकाळी मोरीवरून तिने हाक मारली. "रघू, गंमत बघ." चार बोटं रोजच्यासारखी काळी होती. अंगठा स्वच्छ. साबण अजून कोरडाच होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पंजे तसेच स्वच्छ, पेस्ट धरेचना. रेझिस्ट निघावं म्हणून मी स्पिरिट, खोबरेल, सगळं लावून पाहिलं. काढायला काही नव्हतंच. हात उबदार, नेहमीसारखे.

शुक्रवारी समोरच्या नलूमावशींकडे हळदीकुंकू होतं. मी गॅलरीतून बघत होतो. मावशींनी दर्शनाला कुंकू लावलं. ते कपाळावरून घरंगळून साडीवर पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"हात कापतो गं मेला," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. दर्शनाला वाण द्यायचं राहिलंच.

त्वचेच्या डॉक्टरांनी तिचं नाव तीनदा विचारलं. घरी येऊन चिठ्ठी उघडली. मलमाचं नाव होतं. पेशंटच्या नावाची जागा कोरी.

सोमवारी ती आंघोळ करून आली. फरशीवर ओली पावलं उमटली नाहीत.

"मावशी बघत पण नाहीत रे माझ्याकडे. दोनदा हाक मारली."

"ऐकू कमी येतं त्यांना."

"तुला येतंय ना?"

"येतंय."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला.

ती दिसेनाशी झाली तरी मनगटावरचा दाब होता.

मग तोही गेला.

मी मावशींचं दार वाजवलं. दर्शना इकडे आली का, विचारलं.

त्यांचा चेहरा उजळला. "दर्शना कोण रे? लग्न ठरवलंस की काय?"

एक डायरी रंगवायची उरली होती. आज सकाळी मी बाह्या वर सारून पेस्ट घेतली. या कामाची सवय नाही, कोपरापर्यंत बरबटलो.

फडकं घ्यायला हात पुढे केला. काळ्या मनगटावर पाच फिके पट्टे होते. चार एका बाजूला, अंगठ्याचा दुसऱ्या.

मी अजून हात धुतलेला नाही. सकाळपेक्षा पट्टे थोडे रुंद झालेत.